दिल्लीच्या बाजारात जुना अडकित्ता : भाव आणि पारख

"नवाबी पीस है, मैडम जी. लखनऊ के पानदान से निकला है." भाव साडेआठ हजार. मी पर्समधून लोहचुंबक काढला आणि अडकित्त्याच्या मुठीवरच्या मोराला लावला. मोर टपकन चिकटला. पितळ कुठलं, लोखंडावर पितळेचा मुलामा होता. दुकानदार हसला, मीही हसले. मग त्यानं गल्ल्याखालून एक मळकं गाठोडं काढलं. त्यात चार कुलपं, दिव्याच्या साखळ्या, झाकण नसलेली तपकिरीची डबी आणि तळाशी एक काळाठिक्कर अडकित्ता. ना मोर, ना राघू. नऊशे रुपये म्हणाला, आठशेला दिला. तो माझ्याकडे आहे. नवाबाचा मोर अजून त्या काचेच्या कपाटातच बसला असेल.

दिल्लीत राहून अडकित्ते जमवायला लागले त्याला आता अकरा वर्षं झाली. घरात कुणी पान खात नाही, त्यामुळे "हे कशाला?" हा प्रश्न सासूबाईंपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. उत्तर सोपं आहे. हातानं केलेली, रोज वापरलेली, कुणा मोठ्या कलावंताची सही नसलेली वस्तू लोककला म्हणून जमवण्याचा छंद जगभर आहे. अमेरिकेत लोक मासे धरायची जुनी खोटी आमिषं जमवतात. लाकडाचा नाही तर पत्र्याचा मासा, त्याला गळ, दोरी ओढली की पाण्यात गिरक्या घेणारा. त्यातले कितीतरी कुणी तरी घरात बसून चाकूनं तासलेले. ओहायोच्या रायली हॅस्केलनं १८५९ साली पेटंट घेतलेल्या जातीचा एक तांब्याचा मासा २००३ मध्ये लिलावात १,०१,२०० डॉलरला गेला! दिल्लीत मलाही एकदा आमिष म्हणून वापरायचा असा एक पितळी चमचा मिळाला. महसीर मासे धरायला वापरत तसला, कडेला भोक, गळ गंजून गेलेला. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडच्या अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये 'द रॉड इन इंडिया' लिहिलं, त्या साहेबी छंदाचा तो उरलासुरला तुकडा असावा. दीडशे रुपये पडले. पण आमिषांचा इथे बाजार म्हणून नाही. कधी तरी एखादं हाताला लागतं, तेवढंच. अडकित्त्याचा मात्र आहे, आणि तो चांगला नांदता आहे.

इथे त्याला सरौता म्हणतात. गुजरातेत सूडी, बंगालात जांती. कानडीत सुपारीला अडके म्हणतात, त्यावरून आपला अडकित्ता ओळखीचा वाटेल. पुडीतला पानमसाला आला आणि उत्तर हिंदुस्थानातल्या घराघरातले सरौते माळ्यावर गेले, माळ्यावरून भंगारात. ते भंगार उत्तर प्रदेशातून आणि राजस्थानातून दिल्लीला येतं. जामनगरच्या सूड्या नावाजलेल्या, त्याही फिरत फिरत इथे पोचतात.

पैसे खर्च करण्याआधी दोन-तीन ठिकाणी नुसते डोळे भरून बघून या. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय. 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणाऱ्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) १९२० च्या सुमाराला वस्तू गोळा करायला सुरुवात केली, आणि गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं. तिथल्या अडकित्त्यांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा दहावीत होते आणि कंटाळले होते. आता जाते तेव्हा सोबतचे लोक कंटाळतात. अहमदाबादला विशालामध्ये सुरेंद्र पटेलांनी १९८१ साली उभं केलेलं भांड्यांचं संग्रहालय आहे. दिल्लीत मेहरौली-गुडगाव रस्त्यावर, पिवळ्या लाइनच्या अर्जनगढ स्टेशनजवळ, ओ. पी. जैन यांच्या संस्कृती प्रतिष्ठानचं आनंदग्राम आहे. तिथल्या संग्रहाचं नावच रोजच्या वापरातल्या कलेवरून आहे, आणि दिवे, हुक्के, कंगवे, अडकित्ते असं घरातलंच सामान मांडलेलं आहे. जाण्याआधी फोन करून वेळ विचारा. भैरों मार्गावरचं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयही बघण्यासारखं, सोमवार सोडून. अख्खा दिवस काढला तरी मेट्रो, रिक्षा आणि जेवण धरून पाचशे-सहाशेच्या वर खर्च होत नाही. सगळ्या छंदातला हा सगळ्यात फायद्याचा खर्च, कारण खरी झीज कशी दिसते ते एकदा डोळ्यांत बसलं की पुढचे हजारो रुपये वाचतात.

आता भाव. हे कुठल्या सरकारी दरपत्रकातले आकडे नव्हेत. गेल्या दोन-तीन वर्षांत मला सांगितले गेले आणि मी दिले, ते आहेत.

अगदी नवा, मुरादाबादच्या ओतकामाचा, 'अँटिक फिनिश' दिलेला पितळी सरौता तीनशे ते आठशेला मिळतो. तो नवा म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही. सुपारी तोही कातरतो. जुना साधा लोखंडी, लोहारानं ठोकलेला, नक्षी नसलेला दोनशे ते सहाशे. बाजारात ह्यालाच कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते नवशिक्यानं सुरुवात इथूनच करावी. पितळी मुठी आणि पोलादी पातं असलेला, साठ-सत्तर वर्षांचा, वापरून गुळगुळीत झालेला बाराशे ते तीन हजार. मग येतात पशुपक्षी आणि माणसं : राघू, मोर, घोडा, एकमेकांना बिलगलेलं जोडपं. त्यांचा सांगण्याचा भाव चार हजारांपासून बारा हजारांपर्यंत, मिळण्याचा बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याहून थोडा वर. लोखंडावर सोन्याचांदीची तार ठोकून नक्षी केलेले खरे जुने अडकित्ते वीस हजारांच्या पुढे सुरू होतात आणि कुठे थांबतात ते सांगता येत नाही. त्या वाटेला मी गेलेले नाही. जायचं असेल तर ओळखीचा जाणकार बरोबर न्या, किंवा लिलावातून घ्या आणि बोलीच्या वर लिलाववाल्याचं कमिशन आणि कर किती लागणार ते आधी विचारून ठेवा. हातोडा पडल्यावर हा आकडा ऐकून तोंड पांढरं पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

एक हिशेब मनात ठेवा. पितळेच्या मोडीचा भाव किलोला पाचशे-सहाशेच्या आसपास असतो. मध्यम अडकित्ता पाव किलोचा. म्हणजे धातूची किंमत सव्वाशे-दीडशे. बाकीचं जे तुम्ही देता ते कारागिराच्या हाताचं, वापरणाऱ्याच्या हाताचं आणि दुकानदाराच्या तोंडाचं. पहिल्या दोघांचे पैसे आनंदानं द्या. तिसऱ्याचे देऊ नका.

कुठे मिळतात? सुंदरनगर मार्केटमध्ये अँटिकची जुनी दुकानं आहेत. रविवारी बंद. माल निवडलेला, भाव चढा, पण बिल मिळतं आणि उद्या काही झालं तर दुकान जागेवर सापडतं. लजपतनगरच्या अमर कॉलनीत मुख्यतः जुनं फर्निचर आहे. तिथे कपाटाच्या खणात विसरलेल्या वस्तू विचारायच्या असतात. जनपथवर तिबेटी लोकांच्या दुकानांत पितळी वस्तूंचा ढीग असतो, त्यातलं बहुतेक नवं. पण ते लोक घासाघीस हसतमुखानं करतात, त्यामुळे हात बसवायला बरं. गुडगावातलं बंजारा मार्केट घर सजवणाऱ्यांचं. तिथे मी आरसे पाहिले, दरवाजे पाहिले, अडकित्ता घेण्याजोगा एकदाही नाही. जुन्या दिल्लीत चावडी बाजार पूर्वी तांब्यापितळेचा, आता कागदाचा आणि नळ-बिजागऱ्यांचा झालाय. तरी आतल्या गल्ल्यांत जुनी भांडी वजनावर घेणारे-विकणारे आहेत. त्यांच्याकडे नक्षीला भाव नाही, वजनाला आहे. माझा सगळ्यात आवडता घोडा अशा एका तराजूतून दोनशे चाळीस रुपयांना आला. पण त्या गल्लीत मी बावीस वेळा गेले आणि घोडा एकदाच भेटला, हेही सांगायला हवं. लाल किल्ला-जामा मशिदीकडे रविवारी पहाटे भरणारा चोर बाजार आहे. जागा अधूनमधून सरकते. तिथे पाकीट पुढच्या खिशात, मोबाइल हातात नाही, आणि बिलाची अपेक्षा नाही. फेब्रुवारीत फरिदाबादचा सूरजकुंड मेळा भरतो, १९८७ पासून. तिथे आजचे कारागीर भेटतात. जुनी वस्तू नाही मिळायची, पण धातू कसा ओततात, कानस कशी फिरवतात हे बघून डोळा तयार होतो.

ऑनलाइनचं थोडक्यात : फोटो कधीच पुरत नाही. खिळ्याचा, धारेचा आणि मुठीच्या आतल्या बाजूचा असे तीन जवळचे फोटो आणि वजन मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर पुढच्या पानावर जा.

आता पारख. त्या आठशे रुपयांच्या काळ्या अडकित्त्याकडे मी वळले ते का, ते सांगते. हातात घेतला आणि उघडला. पातं चंद्रकोरीसारखं आत गेलेलं. असं ते जन्माला येत नाही. दर थोड्या महिन्यांनी दगडावर धार लावता लावता पोलाद खाल्लं जातं आणि मधला भाग, जिथे सुपारी बसते, तिथे जास्त खाल्लं जातं. नकली अडकित्त्याची धार सरळ असते किंवा ग्राइंडरनं एकसारखी गोल केलेली असते. मग खिळा पाहिला. दोन्ही दांडे जिथे जोडलेत तो खिळा ठोकून बसवलेला होता, त्याचं डोकं किंचित वाकडं, आणि एकदा बदललेला. भोक खिळ्यापेक्षा जरा मोठं झालेलं, कारण वर्षानुवर्षं उघडझाप. यंत्रावरच्या आट्यांचा स्क्रू दिसला तर विचारा. दुरुस्ती असू शकते, पण किंमत पडायला हवी. मग मुठी. वरच्या दांड्यावर, अंगठा टेकतो तिथे एक उथळ खळगा. खालच्या दांड्याला आतून, बोटं वळतात तिथली पातळ रेघी नक्षी पुसलेली, बाहेरून मात्र शाबूत. माणसाचा हात जिथे लागतो तिथेच झीज, जिथे लागत नाही तिथे नाही. ही एक गोष्ट नकलवाल्याला जमत नाही, कारण तो झीज सगळीकडे सारखी देतो. शेवटी पातं आणि खालचा ओठ जिथे भेटतात त्या फटीत तांबूस-काळा डाग, सुपारीच्या तुरटपणाचा, लोखंडात मुरलेला. बोटानं घासला तर गेला नाही.

नव्याला जुनं करणारे पितळेवर रंग फासतात. तो काळा-तपकिरी रंग खोबणीत साचतो आणि उंचवट्यावर पुसलेला असतो, म्हणून पहिल्यांदा बघताना खराच वाटतो. कापसाच्या काडीला नेलपॉलिश रिमूव्हर लावून एका कोपऱ्यात फिरवा. काडी काळी झाली तर रंग कालचा. दुकानदाराची परवानगी घेऊनच, आणि लाकडाची किंवा रंगीत मूठ असेल तर नाहीच. साच्यातून ओतलेल्या वस्तूला दोन अर्ध्यांच्या जोडाची बारीक रेघ पोटावरून जाते. राघूच्या शेपटीखाली बघा, तिथे कानस लावायचा कंटाळा केलेला असतो.

यासाठी लागणारी हत्यारं : लोहचुंबक पन्नास रुपये, दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-अडीचशे, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा तीन-चारशे. भिंग आहे म्हणून उगाच जाणकाराचा चेहरा करू नका. त्यानं भाव वाढतो.

जाणकारीबद्दल आणखी एक. अडकित्त्यांवरचं माझ्या माहितीतलं सगळ्यात देखणं पुस्तक हेन्री ब्राउनरिगचं, १९९० च्या दशकातलं. ते सॅम्युएल आयलेनबर्गच्या संग्रहावर आहे. हा माणूस कोलंबिया विद्यापीठातला मोठा गणिती. पुस्तक आता दुर्मीळ आहे आणि चांगल्या अडकित्त्याइतकंच महाग पडतं, तेव्हा आधी एखाद्या मोठ्या ग्रंथालयात विचारा.

कायद्याचं ऐकून लोक घाबरतात. तेवढं घाबरायचं कारण नाही, पण माहिती हवी. १९७२ चा पुरावस्तू आणि कलाठेवा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं किंवा जास्त जुनी कलाकुसरीची वस्तू म्हणजे पुरावस्तू. अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो, म्हणून 'शंभर वर्षांपूर्वीचा आहे' असं छातीठोक सांगणाऱ्याला परवान्याबद्दल विचारा. पुष्कळदा वय तिथल्या तिथे चाळीस वर्षांनी उतरतं. बाळगणाऱ्यानं नोंदणी करायची सक्ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांना आहे. स्वयंपाकघरातला साधा अडकित्ता त्यात येत नाही. पुरावस्तू देशाबाहेर नेणं मात्र बंद. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड अशी तरतूद आहे. न्यू जर्सीच्या भाचीला आजीचा अडकित्ता द्यायचा असेल, तर तो शंभरच्या आतला आहे असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या, आणि मग सामानात टाका. हातातल्या बॅगेत नको, पातं आहे. हस्तिदंती मूठ असेल तर कितीही सुंदर असो, खाली ठेवा. त्याची खरेदी-विक्रीच बेकायदा आहे.

बिल मागा. त्यावर 'पितळी सरौता, जुना, अंदाजे अमुक वर्षं' एवढं तरी लिहून घ्या. नुसतं 'हँडिक्राफ्ट आयटम' लिहिलेलं बिल वेळेला कामाचं नसतं. शंभर वर्षांवरच्या वस्तूंवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, तेव्हा कुणी अजून बारा लावत असेल तर बोट ठेवा. फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. म्हणजे वस्तू सुंदरनगरची आणि तुम्ही नोएडाचे असलात तरी तुमच्याच जिल्ह्यात काम होतं.

घरी आणल्यावर पहिलं पाप मी केलं ते चिंच आणि मीठ. दुसराच अडकित्ता होता, जोडप्याचा, अठराशेचा. देवाची भांडी लख्ख होतात तशी ती दोघं लख्ख झाली आणि सत्तर वर्षांची मऊ तपकिरी साय मोरीतून वाहून गेली. नंतर एका जाणकारानं तो हातात घेऊन "आठशे" म्हटलं. एका संध्याकाळचे हजार रुपये. तेव्हा चिंच नाही, पितांबरी नाही, लिंबू नाही. मऊ सुती कापड, दात घासायचा जुना ब्रश, कोरडाच. पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पावसाळ्याआधी आणि एक दिवाळीत. दिल्लीची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी, पण जुलै-ऑगस्टात गंज दोन दिवसांत धरतो. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, बुटांच्या खोक्यात फुकट येतात. सायकलवरून धार लावत येणाऱ्या भैयाला जुनं पातं देऊ नका. तीस रुपयांत तो चंद्रकोर सरळ करून देईल, आणि तुम्ही तिचेच तर पैसे दिले होते.

वहीत प्रत्येकाची नोंद ठेवा : कुठे, कधी, किती, वजन, बिल क्रमांक, चार फोटो. विम्यासाठी म्हणून सुरू केली होती. आता ती वहीच चाळायला जास्त मजा येते.

आणि हे गुंतवणूक म्हणून करणार असाल तर आधीच सांगते, मी एकदा विकून पाहायला गेले होते. बावीसशेला घेतलेला राघू, चार वर्षांनी, ज्या प्रकारच्या दुकानातून घेतला तशाच दुसऱ्या दुकानात. मालकानं तो फिरवून पाहिला, चोच अंगठ्यानं घासून पाहिली आणि नऊशे म्हणाला. मी परत पिशवीत टाकला. दारापर्यंत पोचले तर मागून आवाज आला, "चलो, ग्यारह सौ." त्याच काउंटरवर, काचेखाली, तसाच एक राघू ठेवलेला होता. भाव विचारला. पाच हजार. नवाबी पीस.